आज तुझी हजेरी

"पोरं येत नाहीत, सर." रविवारी पायरीवर चप्पल काढता काढता तू हे बोललास आणि पुढचा तासभर तेच बोलत राहिलास. मंगळवारी कोण आलं नाही, बुधवारी कोण मधूनच पळालं, कुणाची आजी आजारी, कुणाच्या घरी वास्तुशांत. शेवटी म्हणालास, यंदा गॅदरिंगचं नाटक रद्द करतो, दोन नाच बसवतो, मोकळा होतो. घरात पाहुणे होते म्हणून मी गप्प बसलो. आता पाहुणे गेलेत. आता ऐक.

तू विसरून गेलेली वही मी उघडून बघितली. चौदा पात्रं, चौदा नावं आणि पुढं लाल शाईच्या फुल्या. कोण आलं नाही याची नोंद पंधरा दिवसांची. तालमीत काय झालं याची नोंद एका दिवसाचीही नाही. कुठला प्रवेश बसला? कोण कुठून आलं, कुठं थांबलं? जी नऊ पोरं आली होती, त्यांनी दोन तास काय केलं? काही लिहिलेलं नाही. पंधरा दिवस बसून तू पोरांविरुद्ध फिर्याद तयार केलीस. नाटक बसवायला नेमलेला मास्तर तू, की वकील?

तू बेळगुंदीचा. इथल्याच तांबड्या मातीत लोळून वाढलास. मिरगाला काय लावतात आणि दसऱ्याला काय काढतात, हे तुला मी सांगायचं? पावसाच्या तोंडाला रताळ्याचे वेल, मग भाताची रोप लावण, मग भांगलण. नवरात्राच्या उपासाला रताळ्याची पोती बाजारात जायला लागतात. दिवाळी झाली की भाताची सुगी. कापणी, बांधणी, मळणी. उन्हाळा लागला की काजू. मध्ये यात्रा. बिजगर्णी घे, कावळेवाडी घे, सोनोली, यळेबैल, राकसकोप, कुठल्याही गावात जा, हेच. सहा महिने आधी बोटावर मोजून सांगता येईल असं हे सगळं, आणि तू म्हणतोस, पोरं अचानक गैरहजर राहायला लागली. सुगी अचानक येते? तालमी तू नोव्हेंबरात सुरू केल्यास. ऐन कापणीत. चौदाच्या चौदा पोरं रोज चार वाजता पाहिजेत म्हणालास. ऑगस्टमध्ये काय करत होतास? रोप लावण उरकलेली, बाहेर धो धो पाऊस, मैदानावर खेळ बंद, पोरं व्हरांड्यात नुसती बसून. त्या महिन्यात सगळं नाटक उभं राहिलं असतं. तेव्हा तू 'अजून वेळ आहे' म्हणालास. तहान लागल्यावर विहीर खणायला निघालास आणि आता पाणी लागत नाही म्हणून जमिनीला शिव्या देतोस.

ज्याच्या घरचं भात कापून शेतात आडवं पडलंय आणि वर आभाळ दाटलंय, ते पोर तालमीला येणार नाही. येऊही नये. आलं तर मी त्याला परत पाठवीन.

आणि त्यांना तू बालगंधर्वांची गोष्ट सांगतोस म्हणे. १९११ सालचा 'मानापमान'चा पहिला प्रयोग, पोटची मुलगी गेलेली, तरी ते तोंडाला रंग लावून उभे राहिले. मोठी गोष्ट आहे. माझ्या अंगावर आजही काटा येतो. पण ती कुणाला सांगतोस, याचा विचार केलास? किर्लोस्कर मंडळीतल्या नावाजलेल्या नटाची गोष्ट तू तेरा वर्षांच्या पोराला सांगतोस, ज्याचा बाप पहाटे विळा हातात देऊन त्याला उठवतो. त्याला त्यातून काय कळावं? आपण नालायक, एवढंच कळतं. दुसऱ्या दिवशी ते तोंड दाखवत नाही. तू आणखी एक फुली मारतोस.

आता त्या फुल्यांकडं नीट बघ. तू त्या मारल्यास, पण वाचल्या नाहीस. राजाचं काम करणाऱ्या मुलापुढं पंधरा दिवसांत एक फुली. राणीपुढं एकही नाही. सगळ्यात जास्त कुणापुढं? 'शिपाई २', 'गावकरी ३', 'गावकरी ४'. का रे? त्यांच्याच शेतात तेवढं पिकतं? 'शिपाई २'ला सगळ्या नाटकात एक वाक्य. ते एक वाक्य म्हणायला त्यानं रोज दोन तास भिंतीला पाठ लावून बसायचं, तू राजा-राणीला 'अजून मोठ्यानं, अजून मोठ्यानं' करतोस ते बघायचं, आणि मध्ये हसलं तर तुझ्या शिव्या खायच्या. तू आला असतास? खरं सांग. त्या पोरानं हिशेब केला आणि घरी गेलं. तुझ्या तालमीत त्याला काही कामच नव्हतं.

पाचच्या गाडीनं जाणाऱ्या मुलींचंही तसंच. "मध्येच उठून जातात," म्हणून तक्रार. गाडी पाचला सुटते हे तुला ठाऊक आहे. ती चुकली तर पुढची कधी येईल याचा भरवसा नाही, आणि अंधार पडल्यावर पोरगी घरी पोचली तर दुसऱ्या दिवशी बाप तिला शाळेतच पाठवणार नाही, हेही ठाऊक आहे. मग त्यांचा प्रवेश चार वाजता आधी का घेत नाहीस? पुस्तकात तो तिसरा छापलाय म्हणून तालमीतही तिसराच? छापखान्याच्या क्रमानं कोण तालीम घेतं? ज्याला आधी जायचंय त्याचा प्रवेश आधी. ज्याचं आज काम नाही त्याला आज बोलावूच नये. आठवड्याचा कागद लिहून फळ्याशेजारी लावला की झालं. अर्ध्या तासाचं काम. पंधरा दिवसांत तुला तो अर्धा तास सापडला नाही.

म्हणालास, दहावीला जादा तास असतात, मुख्याध्यापक सोडत नाहीत. मग दहावीची सहा पोरं घेतलीस कशाला? मी सांगतो कशाला. ती स्वच्छ बोलतात. त्यांना शिकवावं लागत नाही. आठवीतलं अडखळणारं पोर घेतलं तर घाम गाळावा लागतो, तो तुला नको होता. आयतं पीठ घेतलंस आणि आता ते परीक्षेच्या चक्कीत गेलं म्हणून रडतोस.

आणि ते वाक्य! "सर, नाटक म्हणजे शेवटी फावल्या वेळचं काम." या जिल्ह्यात बसून, माझ्यासमोर, हे बोलताना तुझी जीभ कशी वळली? अण्णासाहेब किर्लोस्कर तुझ्या याच जिल्ह्यातले, गुर्लहोसूरचे. जन्म १८४३चा. आणि त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं. किर्लोस्कर बेळगावात मास्तर होते. मास्तरकी करता करता त्यांनी इथं नाटकमंडळी काढली. १८८०चं 'शाकुंतल' पुढं पुण्यात झालं, पण बी इथल्या मातीत पडलं. त्यांच्या हाताखाली गोविंद बल्लाळ देवल इथंच शिकले आणि इथंच मास्तर झाले. त्यांच्या फावल्या वेळातून 'शारदा' आली. तुझ्या फावल्या वेळातून फुल्यांची वही आली.

कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, निपाणीकडं कारदगा आणि आपली बेळगुंदी. ही गावं मांडव घालून मराठी साहित्य संमेलनं भरवतात. वर्गणी देणारी माणसं तीच, ज्यांच्या पोरांना तू 'बेजबाबदार' म्हणतोस. त्यांना नाटकाची किंमत कळत नाही असं मला सांगू नकोस.

तुझा खरा रोग सांगतो. तू असं नाटक निवडलंस जे एका पोराच्या नसण्यानं कोसळतं. चौदा पात्रं, प्रत्येकाची नक्कल वेगळी, एकाला दुसऱ्याचं वाक्य ठाऊक नाही. अशा शाळेत, अशा गावात, अशा महिन्यात. आणि कोसळलं की बोट पोराकडं. भाव्यांची नाटकं आठव. सूत्रधार पदांतून कथा गाऊन पुढं न्यायचा, पात्रं आपापलं गद्य जागच्या जागी बोलायची. आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीकडं जा आणि एक रात्र दशावतार बघ. लिहिलेली संहिता नाही. कथा ठरते, कामं वाटली जातात आणि माणसं रात्रभर बोलतात, कारण प्रत्येकाला सगळी कथा ठाऊक असते. तुझ्या 'शिपाई २'ला नाटकाचा शेवट काय होतो ते तरी माहीत आहे का? विचार त्याला. मी पैज लावतो, माहीत नसणार.

एम.ए.ला तू 'शांतता! कोर्ट चालू आहे' अभ्यासलंस. माझ्याकडं येऊन तासन् तास त्यावर बोलायचास. तेंडुलकरांचं १९६७चं ते नाटक सुरू कशानं होतं? मंडळीतला माणूस आलेला नाही, म्हणून गावातल्या सामंताला धरून त्याची तयारी करून घ्यायची, तिथून. नट आला नाही या एका अडचणीतून एवढं नाटक उभं राहिलं. तू परीक्षेत त्यावर पानं भरलीस, गुण मिळवलेस, आणि स्वतःच्या व्हरांड्यात नट आला नाही तेव्हा वही मिटून घरी गेलास. 'घाशीराम'मधली माणसांची भिंत बघितलीस ना? त्या भिंतीतला एक माणूस कमी झाला तर भिंत हातभर आखूड होते. पडत नाही. ब्राझीलमध्ये साओ पावलोच्या अरेना थिएटरात ऑगुस्तो बोआल आणि त्याच्या सोबत्यांनी १९६५ साली 'झुंबी'ची कथा अशीच केली. एक पात्र एका नटाच्या मालकीचं नाही, सगळ्यांनी सगळी कामं करायची. त्यांच्याकडं सुगी नव्हती. तुझ्याकडं आहे. तुला तर त्याची जास्त गरज.

म्हणून आता हे कर. व्हरांड्यात खडूनं चार चौकोन काढ. एक राजाचा, एक प्रधानाचा, एक शिपायाचा, एक फिर्याद घेऊन आलेल्या शेतकऱ्याचा. चौकोनात एकेक वस्तू ठेव. उपरणं, पोथी, काठी, घोंगडं. उपरणं खांद्यावर घेईल तो राजा. मग कुणीही असो, मुलगा असो की मुलगी. प्रसंग सुरू करायला सांग. दोन मिनिटांनी टाळी वाजव. सगळ्यांनी एक घर पुढं सरकायचं, वस्तू बदलायची आणि बोलणं जिथं तुटलं तिथूनच जोडायचं. बाकीच्यांनी भोवती उभं राहायचं, कुणी अडलं की त्यांनी पुढचं वाक्य द्यायचं. पहिल्या दिवशी बाजार भरेल. भरू दे. दुसऱ्या दिवशी पोरं एकमेकांचं ऐकायला लागतील, कारण पुढचं घर आपलंच आहे. तिसऱ्या दिवशी 'शिपाई २' उपरणं घेऊन राजाच्या चौकोनात उभा राहील आणि त्याचा आवाज तू पहिल्यांदा ऐकशील. मी हे पंचवीस वर्षं बघितलंय. दरवेळी एखादं असं पोर निघतं आणि दरवेळी मला स्वतःचा राग येतो की हे मला आधी का दिसलं नाही.

कामं शेवटच्या दहा दिवसांत वाट. मोठ्या कामाला दोघं. दुसऱ्याला 'बदली' म्हणू नकोस. बदली म्हटलं की ते पोर राजा आजारी पडायची वाट बघत बसतं, आणि राजा धडधाकट राहिला की हिरमुसतं. दोघांनाही प्रयोग दे. रंगीत तालीम प्राथमिक शाळेच्या पोरांसमोर कर, तिथं एकानं करावं. गॅदरिंगला दुसऱ्यानं. आणि सूत्रधार दोन ठेव. गावकरी चार नकोत, गावकऱ्यांचा घोळका कर. आठ आले तर आठ, पाच आले तर पाच. वाक्यं घोळक्याची, एकाची नाहीत.

वही बदल. डाव्या पानावर आज काय ठरलं ते लिही. उजव्या पानावर कोण नव्हतं आणि त्याला कोण सांगणार, ते. सांगणारा मास्तर नव्हे, सोबतीचं पोर. त्याच वाडीतलं, त्याच वाटेनं जाणारं. वाटेत चालता चालता दहा मिनिटांत सांगून होतं.

निपाणीकडं होतो तेव्हा मला हे एका मुलीनं शिकवलं. नववीतली. आठवड्यातून दोन दिवस तालमीला यायची. मीही तुझ्यासारखाच चिडलो होतो. एका संध्याकाळी तिच्या घरी गेलो. आई आणि ती, दोघींच्या मांडीवर सूप, सुपात तेंदूची कापलेली पानं आणि तंबाखू. विड्यांची मजुरी हजारावर मिळते, संध्याकाळपर्यंत आकडा भरला पाहिजे. मैत्रीण शेजारी बसून वाक्य सांगत होती आणि ही पान वळता वळता म्हणत होती. वळलं, दोरा गुंडाळला, तोंड मुडपलं, वाक्य संपलं. पुढचं पान, पुढचं वाक्य. मी दारात उभा होतो. तिनं माझ्याकडं बघून हात थांबवला नाही. तिला सगळं नाटक पाठ होतं. माझ्या वहीत तिच्यापुढं नऊ फुल्या होत्या.

त्या रात्री मी माझी वही फाडली. तू तुझी घेऊन माझ्याकडं न्याय मागायला आलास.

आणि परत आलेल्या पोराला तू काय म्हणतोस, तेही माझ्या कानावर आलंय. चार दिवस भात झोडून आलेला मुलगा, हाताला फोड आलेले. तू सगळ्यांसमोर म्हणालास, "आलात? आता आठवण झाली?" पोरं हसली. त्यानंतर त्याच्यापुढं सलग सहा फुल्या आहेत. पहिल्या चार भाताच्या. पुढच्या सहा तुझ्या.

तू विसरलास, म्हणून आठवण करून देतो. नववीत होतास. वडिलांची रताळी काढायला आली होती आणि मजूर मिळत नव्हते. पाच दिवस तू आला नाहीस. सहाव्या दिवशी व्हरांड्याच्या खांबाआड उभा राहिलास, नखांत लाल माती, आत यायचं धाडस नव्हतं. तुझं दूताचं काम होतं. मी काही बोललो नाही. तुझ्या शेजारच्या बाकावरच्या पोरानं तुझा हात धरून तुला तुझ्या जागेवर नेऊन उभं केलं आणि कानात सांगितलं, इथून यायचं, तिथं थांबायचं. तू बोललास. चुकलास. पुन्हा बोललास. त्या दिवशी मी तुला खांबाआडून हाकलून लावलं असतं तर आज तू नाटकाचा मास्तर झाला असतास? तुला सगळं ठाऊक आहे. म्हणून तर माझा एवढा जीव जळतो. ज्याला ठाऊक नाही त्याच्यावर मी आवाज चढवत नाही.

शेवटचं. वहीत एका नावापुढं फुल्या नाहीत. त्या नावावरच आडवी रेघ आहे. राणीची सखी. रविवारी नावं वाचताना तू स्वतःच म्हणालास, "ती दिवाळीपासून शाळेतच नाही, तिच्या जागी दुसरी घेतली." आणि लगेच पुढच्या नावावर गेलास. दिवाळीपासून! एका मुलीचं नाव तू रेघ मारून काढलंस आणि तिच्या घरचा उंबरा चढला नाहीस? ती कुठं आहे? शेतावर आहे, आजारी आहे, मामाकडं आहे, की तिला बघायला येणारेत? दहावीला बसायला ७५ टक्के हजेरी लागते, तो आकडा तुला पाठ आहे. मुलगी कुठं आहे ते माहीत नाही. १८९९ साली देवलांनी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या पोरीवर नाटक लिहिलं, ते वर्गात शिकवताना तुझा आवाज भरून येतो असं पोरं सांगतात. इथं तुझ्या वहीतली पोरगी महिनाभर दिसत नाही आणि तुझी शाई हलत नाही.

तालमीची हजेरी कशाला घ्यायची, ते आता तरी कळलं का? कोण नाही ते सगळ्यात आधी नाटकाच्या मास्तराला कळतं. गणिताच्या तासाला चाळिसातलं एक डोकं कमी असलं तर दिसत नाही. इथं वाक्य अडतं, म्हणून दिसतं. तुला दिसलं, आणि तू दुसरी पोरगी उभी केलीस. नाटकात जोडीदार उभा करावा, तो वर सांगितलाच. पण मूल कुठं गेलं हे विचारून मग.

गुरुवारी शाळा सुटल्यावर तिच्या घरी जा. एकटा जाऊ नकोस, शाळेतल्या बाईंना सोबत ने. बापाशी भांडायचं नाही, ओट्यावर बसायचं, पाणी प्यायचं, आईशी बोलायचं. काही वाईट कानावर आलं तर मुलांच्या मदतीचा १०९८ हा नंबर तुझ्या शाळेच्या भिंतीवर रंगवलेला आहे, तो नुसता शोभेला नाही. शुक्रवारी चार वाजता मी व्हरांड्यात येऊन बसतो. जेवढी पोरं असतील तेवढी. खडू तू आण, उपरणं आणि घोंगडं मी आणतो. पुस्तक घरी ठेव.

पण त्याआधी, गुरुवारी रात्री, कितीही उशीर झाला तरी माझ्याकडं ये. जागा असेन. चप्पल काढता काढता जे पहिलं बोलशील, ते त्या मुलीबद्दल असू दे.